साइटवरचा आकडा

बदलापूरजवळच्या बेलवलीतून पश्चिमेकडे पाहिलं की माथेरानच्या रांगेजवळ मलंगगडाचा सुळका दिसतो. १७८० साली, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, कॅप्टन ॲबिंग्टनच्या तुकडीनं या गडाचा खालचा भाग घेतला. वरचा भाग शिबंदीनं सोडला नाही. खालचे आणि वरचे बरेच दिवस एकमेकांच्या डोक्यावर-पायथ्याशी बसून होते. माणूस दिसतोय म्हणजे त्याला गोळी लागेल, असं मात्र त्या काळात कुणी धरून चालत नसे.

कारण दोन्हीकडच्या बंदुका आतून गुळगुळीत होत्या. शिबंदीकडे तोड्याची बंदूक, इंग्रजांच्या पलटणीकडे चकमकीची ‘ब्राउन बेस’. ब्राउन बेसच्या नळीचं तोंड पाऊण इंचाचं आणि तिच्यात जाणारी शिशाची गोळी ०.६९ इंचाची. ही फट मुद्दाम ठेवलेली होती. चारदोन बार झाले की नळीत जळक्या दारूचा थर बसे आणि घट्ट गोळी आत जाईना. सैल गोळी झटकन ठासता येई, पण बार झाल्यावर ती नळीच्या भिंतींना धडका देत बाहेर पडे. शेवटची धडक ज्या बाजूला बसेल, त्याच्या उलट दिशेला ती जाणार. शिपाई कितीही डोळस असला तरी शंभर पावलांपलीकडे त्याच्या नेमाला फारसा अर्थ उरत नसे. म्हणून पलटणींना एकट्या माणसावर नेम धरायला शिकवत नसत. खांद्याला खांदा लावून, हुकूम होताच सगळ्यांनी एकदम बार काढायचा, हीच विद्या. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी ह्याच विद्येवर लढल्या आणि पुढे महादजी शिंद्यांसाठी द बॉइन यानं उभे केलेले कंपूही ह्याच विद्येवर.

नळीत मळसूत्री आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते, हे युरोपातल्या शिकाऱ्यांना कित्येक पिढ्यांपासून ठाऊक होतं. अडचण ठासण्याची होती. आट्यांत बसेल इतकी घट्ट गोळी हातोडीनं ठोकत आत घालावी लागे, आणि लढाईत तेवढा वेळ कुठून आणायचा? १८४९ मध्ये क्लोद मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्यानं बुडाला पोकळ असलेली निमुळती गोळी वापरात आणली. ती सैलपणे आत जाते. बार होताच दारूच्या दाबानं बूड फुगतं आणि आट्यांत घट्ट बसतं. या एका युक्तीनं साध्या शिपायाच्या हातात रायफल आली. इंग्रजांची १८५३ ची एनफिल्ड याच तत्त्वावर बनली: ०.५७७ इंचाची नळी, तीन आटे, मागं वर-खाली सरकणारी साइट आणि तिच्यावर ९०० यार्डांपर्यंतचे आकडे. सामान्य शिपायाच्या बंदुकीवर अंतराचे आकडे कोरलेले असणं ही नवी गोष्ट होती. इंग्लंडातल्या हाइथच्या नेमबाजी शाळेत आता अंतर नजरेनं मोजायलाही शिकवू लागले, कारण अंतर चुकलं तर सरळ जाणारी गोळीही डोक्यावरून जाते.

हीच रायफल १८५७ च्या सुरुवातीला दमदम, अंबाला आणि सियालकोट इथल्या नेमबाजीच्या केंद्रांत हिंदी शिपायांना दाखवायला आणली गेली. तिचं काडतूस कागदी, चरबी लावलेलं आणि दातांनी तोडायचं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण रायफलीच्या बाजूनं या इतिहासाकडे क्वचितच पाहिलं जातं. ज्यांनी बंड केलं, त्यांनी नाकारलेलं हत्यार त्यांच्याच विरुद्ध वापरलं गेलं आणि ते स्वतः जुन्या गुळगुळीत नळीनिशी लढले. १२ जुलै १८५७ ला फत्तेपूरची लढाई जिंकल्यावर हॅवलॉकनं आपल्या अहवालात एनफिल्डला श्रेय दिलं. शिपायांच्या गोळ्या पोचणार नाहीत इतक्या लांबून त्याचे गोरे शिपाई त्यांना टिपत होते. आपल्याकडे कोल्हापुरात ३१ जुलैला २७ व्या मुंबई पलटणीनं, रामजी शिरसाट याच्या पुढाकारानं, उठाव केला. 

बंड मोडल्यावर जे झालं, ते मला या साऱ्या कहाणीतलं सर्वात बोलकं प्रकरण वाटतं. हिंदी शिपायांना एनफिल्ड द्यायची तर होती, कारण ब्राउन बेसचे दिवस संपले होते. मग १८५८ मध्ये एक खास हिंदुस्थानी नमुना तयार झाला. लाकूड तेच, चाप तोच, घडण तीच. फक्त नळी आतून ०.६५६ इंचांपर्यंत कोरून आटे काढून टाकलेले. आकड्यांची सरकती साइट काढून तिथं एक अचल खाच बसवलेली. लांबून पाहिलं तर शिपायाच्या खांद्यावर एनफिल्डच दिसे. आत मात्र तिचा जीव काढून घेतलेला होता. कोरल्यामुळे नळीची भिंत इतकी पातळ झाली की ती फुगू लागली आणि १८५९ मध्ये जाड नळीचा दुसरा नमुना काढावा लागला. अचूकता काढून घेण्यासाठी कारखान्यानं दोनदा कष्ट घेतले.

कुठल्याही युद्धशास्त्राच्या पुस्तकात ‘प्रभावी पल्ला’ म्हणजे गोळी, दारू, नळी आणि वारा यांचं गणित असतं. इथं तो राज्यकर्त्यांच्या भीतीनं ठरला. याच सुमारास हिंदी शिपायांकडून तोफखानाही काढून घेण्यात आला. काही पहाडी बॅटऱ्या तेवढ्या राहिल्या. लांबवर मारा करणारी प्रत्येक गोष्ट गोऱ्या हातांत ठेवायची, हे धोरण होतं.

त्याच काळात, मुंबई लष्करात, नेमकं उलट स्वप्न पाहणारा एक माणूस होता. सिंध सरहद्दीवरचा जनरल जॉन जेकब. त्यानं स्वतःच्या कल्पनेनं दुनळी, चार आट्यांची रायफल बनवून घेतली. तिच्या साइटवर २,००० यार्डांपर्यंतचे आकडे होते. जेकबाबादच्या सपाट वाळवंटात तो महिनोन्‌महिने चाचण्या घेत होता. असे रायफलवाले असतील तर शत्रूच्या तोफखान्याला जवळ येताच येणार नाही, अशी त्याची खात्री होती. १८५८ मध्ये त्याच्या नावानं ‘जेकब्स रायफल्स’, म्हणजे ३० वी मुंबई पलटण उभी राहिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला. ज्या सैन्यात शिपायाच्या बंदुकीवरचे आकडे खरवडले जात होते, त्याच सैन्यात २,००० यार्डांचा आकडाही जन्माला आला.

बावीस वर्षांनी जेकबचीच पलटण मैवंदला उभी होती. २७ जुलै १८८०, कंदाहारजवळचं तापलेलं रान. एकाच फळीत ६६ वी गोरी पलटण आणि तिच्याशेजारी मुंबईच्या दोन हिंदी पलटणी, ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स. गोऱ्यांकडे नवी मार्टिनी-हेन्री, हिंदी शिपायांकडे त्याआधीच्या पिढीची स्नायडर. स्नायडर ही एनफिल्डलाच मागून गोळी भरायची सोय करून बनवलेली. पराभवाचं खापर एकट्या बंदुकीवर फोडणं बरोबर होणार नाही. अफगाण सेनापती अयूबखानाकडे तोफा जास्त होत्या, जेकब्स रायफल्समध्ये नव्या भरतीचे पोरगे होते आणि पाण्याविना दिवस गेला होता. तरीही एका फळीत दोन पल्ले असले की शत्रूला कच्चा भाग शोधायला वेळ लागत नाही. फळी तिथूनच फुटली. १८९७ च्या तिराह मोहिमेत तीच रीत पुढे चालू: गोऱ्यांकडे बिनधुराच्या दारूची ली-मेटफर्ड, हिंदी पलटणींकडे काळ्या दारूची मार्टिनी. मार्टिनीचा बार झाला की धुराचा पांढरा लोट शिपायाची जागा सगळ्या डोंगराला सांगे.

बिनधुराची दारू आल्यावर मात्र पल्ल्याचं वेड लष्करभर पसरलं. थ्री नॉट थ्री ली-एनफिल्डची गोळी लहान, निमुळती आणि वेगवान. १९१० च्या मार्क सात काडतुसात तिचा सुरुवातीचा वेग सेकंदाला २,४४० फूट होता. रायफलीच्या मागच्या साइटवर २,००० यार्ड. तेवढ्यावरही समाधान नव्हतं, म्हणून नळीखालच्या लाकडाच्या डाव्या अंगाला आणखी एक साइट बसवली, तिच्यावर २,८०० यार्ड. अडीच किलोमीटरहून जास्त!

हे अंतर कागदावर चालतं, पण शिपायाच्या डोळ्यापाशी काय होतं ते पाहू. पुढच्या साइटचं टोक डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर आहे असं धरू. ते दीड मिलिमीटर रुंद धरलं, तर ३०० मीटरवर ते ६४ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा झाकतं, म्हणजे माणसाचे दोन्ही खांदे. २,००० यार्डांवर तेच टोक जवळजवळ चार मीटर झाकतं. मग माणूस त्याच्या आड कुठे आहे ते शिपायाला कळायचं कसं? आता गोळी घ्या. ३०० यार्ड जायला तिला सुमारे ०.४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून पाऊण मीटरहून जास्त खाली येते. साइट त्यासाठीच उचलायची असते. २,००० यार्डांना तिला पाच सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात निवांत चालणारा माणूस सात मीटर पुढे गेलेला असतो आणि वारा गोळीला कुठल्या कुठे नेतो. शिवाय शंभर यार्डांवर चार इंचांच्या वर्तुळात गोळ्या बसवणारी चांगली रायफल, हिशेबानंच, २,००० यार्डांवर दोन मीटरच्या वर्तुळात त्या पसरवणार. प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त. अशा माऱ्याचा उपयोग एकच होता: शंभर-दोनशे शिपायांनी एकाच हुकमानं दूरच्या घोडदळावर किंवा तोफांवर गोळ्यांची सर पाडायची. म्हणजे ब्राउन बेसचीच विद्या, फक्त वीसपट लांब.

१९१४ च्या शरदात लाहोर आणि मेरठ डिव्हिजन मार्सेयच्या बंदरात उतरल्या, तेव्हा हिंदी शिपायांच्या जुन्या रायफली जमा करून त्यांना नव्या मार्क सात काडतुसाच्या रायफली देण्यात आल्या. आता हिंदी शिपाई आणि गोरा शिपाई यांच्या साइटवरचा आकडा सारखा होता. युरोपात माणसं कमी पडू लागली तेव्हा भीती मागं सारावी लागली, इतकंच. त्या रायफली घेऊन ते ज्या खंदकांत गेले, तिथं शत्रूचा खंदक कित्येक ठिकाणी शंभर यार्डांच्या आत होता. युद्ध सुरू असतानाच, १९१६ च्या सुमारास, कारखान्यांनी ती २,८०० यार्डांची बाजूची साइट बसवणं बंद केलं. कुणाला तिची आठवणही आली नाही.

आपल्या कोकण-देशावरच्या मराठा पलटणी मात्र मेसोपोटेमियात होत्या. तिथं जमीन सपाट, झाड नाही, टेकडी नाही. लांबच्या पल्ल्यासाठी याहून चांगलं रान नकाशावर सापडणार नाही. आणि नेमकं तिथंच डोळ्यानं दगा दिला. एप्रिल १९१५ मध्ये शैबाच्या लढाईत ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी, वरची जड. प्रकाश त्यांतून वाकत येतो. माणसं कमरेपासून तुटून तरंगताना दिसतात, झुडूप घोडेस्वार वाटतं, दूरची तुकडी मधेच नाहीशी होते. मृगजळात अंतर मोजता येत नाही आणि अंतर कळलं नाही तर साइट कुठे लावायची? १४ एप्रिलला तुर्कांना हटवलं ते शेवटी संगिनी लावून, पायी जाऊन. २,००० यार्डांची रायफल हातात असताना लढाई ठरली ती भाल्याच्या अंतरावर.

दुसऱ्या महायुद्धात हा अनुभव पुन्हा आला आणि त्याचं सर्वात जवळचं नाव आपल्या शेजारच्या रायगडातलं आहे. माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. १० जुलै १९४४, इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. एकटा घाडगे उभा राहिला. बाकीचे पडले किंवा घायाळ झाले. त्यानं धावत जाऊन ग्रेनेड टाकला, मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, आणखी एकाला टॉमीगननं टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. मग नळी दोन्ही हातांत धरून त्यानं उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्याचा पुतळा आहे. अख्खी लढाई काही पावलांत सुरू झाली आणि काही पावलांत संपली.

  

महायुद्धानंतर अमेरिकेत आकडेवारी गोळा झाली. तिथल्या लष्कराच्या संशोधन विभागातल्या नॉर्मन हिचमन यांनी १९५२ च्या अहवालात मांडलं की पायदळाची रायफल प्रत्यक्षात ३०० यार्डांच्या पलीकडे फारशी वापरलीच जात नाही आणि बहुतेक गोळ्या त्याहून बऱ्याच जवळच्या अंतरावर लागतात. जर्मनांनी युद्धातच आखूड काडतुसाची स्वयंचलित रायफल काढली होती, रशियनांनी युद्धानंतर कलाश्निकोव्ह. पश्चिमेनं मात्र ७.६२ मिलिमीटरचं पूर्ण ताकदीचं नाटो काडतूस स्वीकारलं आणि भारतानंही तेच निवडलं.

या निवडीशी अंबरनाथचा थेट संबंध आहे. १९५३ मध्ये इथं ऑर्डनन्स फॅक्टरी सुरू झाली. बेलवली-बदलापूरच्या कित्येक घरांतून सकाळच्या गाडीनं माणसं तिकडे जात आली आहेत, पण तिथं काय बनतं हे विचारलं तर बहुतेकांना तोफांची आठवण येते. लहान हत्यारांच्या काडतुसांसाठी लागणारे पितळी कप हा या कारखान्याचा महत्त्वाचा माल. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. त्याची पट्टी, पट्टीतून चकती, चकतीतून बुटका कप. हाच कप पुढे काडतुसाच्या कारखान्यात दाबून, ताणून, पुन्हा भट्टीत मऊ करून, पुन्हा ताणून लांब नळकांडं बनतो. गोळीच्या शिशावर चढणाऱ्या आवरणाचीही सुरुवात अशाच कपातून होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसं करत होता. चीनच्या युद्धानंतर भुसावळजवळ वरणगावचा कारखाना त्यात आला.

नेमाच्या इतिहासात या कपाला कुणी जागा देत नाही आणि ते मला अन्यायाचं वाटतं. कपाची एक बाजू दुसरीपेक्षा जाड राहिली, तर ताणताना ती जाडी नाहीशी होत नाही, काडतुसाच्या भिंतीत उतरते. मग गोळी नळीच्या अक्षाला किंचित तिरपी बसते. आवरण एका बाजूला जाड असेल तर गोळीचा तोलच मध्यावरून सरकतो. ७.६२ ची गोळी सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास वेगानं निघते आणि बारा इंचांत एक फेरी घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे २,७५० फेऱ्या. एवढ्या वेगानं फिरणाऱ्या वस्तूचा तोल केसभर चुकला तरी ती नळीबाहेर पडताच भरकटू लागते. जवान कितीही पक्का असो, श्वास कितीही रोखलेला असो, कपातला दोष तो चारशे मीटरवर दुरुस्त करू शकत नाही. नेमाचा बराचसा भाग भट्टीपाशी आणि प्रेसपाशी, मोजमाप तपासणाऱ्या कामगाराच्या हाती असतो.

१९६२ च्या हिवाळ्यात भारतीय जवान हिमालयात थ्री नॉट थ्री घेऊनच उभा होता. समोर चिन्यांकडे स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित हत्यारं. प्रत्येक गोळीमागं बोल्ट वर उचलून मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, तोवर समोरून चार-पाच गोळ्या येणार. सेल्फ लोडिंग रायफली पुरेशा नव्हत्या. म्हणून बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीनं एक तडजोड केली: जुन्या ली-एनफिल्डचीच घडण, अधिक मजबूत पोलाद, आणि ७.६२ चं नवं काडतूस. तिचं नाव २ए. जुन्या सवयीनं तिच्या साइटवर २,००० चाच आकडा राहिला. १९६५ मध्ये २ए१ हा सुधारलेला नमुना निघाला आणि त्यावर साइट होती ८०० मीटरची.

बाकी सगळं जवळजवळ तसंच. रायफल ताकदीनं कमी झाली नव्हती, गोळी पूर्वीपेक्षा वेगानंच जात होती. तरीही कारखान्यानं बाराशे कमी केले. मला हा बदल फार मोठा वाटतो, कारण १८५८ नंतर हिंदी रायफलीवरचा आकडा प्रथमच दुसऱ्या कुणाच्या भीतीनं किंवा स्वप्नानं ठरला नव्हता. जेकबच्या वाळवंटातून निघालेला, शैबाच्या मृगजळात फसलेला आकडा ईशापूरच्या कामगारांनी आणि इंजिनिअरांनी पुसला आणि माणूस जेवढा पाहू शकतो त्याच्या जवळ आणला. सेल्फ लोडिंग रायफलीवर तो ६०० होता. पुण्यात पाषाणच्या आयुध संशोधन संस्थेत आकारलेल्या ५.५६ मिलिमीटरच्या इन्सासचा पल्ला ४०० मीटर धरला गेला. इन्सासच्या तक्रारी, विशेषतः कारगिलच्या थंडीत तडकणारी मॅगझिन, खऱ्या होत्या. पण त्या प्लास्टिकच्या आणि घडणीच्या तक्रारी होत्या, ४०० या आकड्याच्या नव्हत्या.

सैन्यातून निवृत्त झालेली थ्री नॉट थ्री पोलिसांकडे राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये ती पुन्हा एक मोठी लढाई लढली. बेलवलीतून मुंबईला जाणाऱ्या माणसाला ते स्टेशन घरच्या अंगणाइतकं पाठ असतं. दोघा हल्लेखोरांकडे कलाश्निकोव्ह, समोर काही पोलीस लाठीनिशी, काही जुन्या रायफलीनिशी. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडली. रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे तिथं मारले गेले. ५० हून अधिक माणसं गेली. त्या हॉलमध्ये अंतर थोड्याच मीटरांचं होतं. २,००० यार्डांचे आकडे कोरलेली, दर गोळीला बोल्ट ओढायला लावणारी रायफल घेऊन पोलिसाला तिथं उभं करणं हा त्याच्यावरचा अन्याय होता. राम प्रधान समितीनं नंतर दारूगोळ्याच्या टंचाईमुळे सराव थांबल्याकडेही बोट दाखवलं. ज्याला वर्षभरात गोळी झाडायलाच मिळत नाही, त्याच्या हातात कुठलाही पल्ला दिला तरी तो निरुपयोगी आहे.

सैन्यानं त्यानंतर एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये आघाडीच्या तुकड्यांसाठी ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला. काडतूस पुन्हा ७.६२ नाटो, पल्ला ५०० ते ६०० मीटरांचा. नियंत्रणरेषेवर एका कड्यावरून दुसऱ्या कड्याकडे पाहावं लागतं, तिथं तो हवाच. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरव्यात ६ लाखांहून अधिक एके-२०३ बनवण्याचा करार झाला. काडतूस आखूड, आणि सरकारी निवेदनात पल्ला स्पष्ट लिहिला होता: ३०० मीटर. हिचमननी सत्तर वर्षांपूर्वी सांगितलेलाच आकडा, आता कुठलाही आडपडदा न ठेवता. दोन्ही उत्तरं मला बरोबर वाटतात, कारण दोन्ही ठिकाणी आधी जमीन पाहिली गेली आणि मग आकडा ठरला.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांची सात सरकारी कंपन्यांत विभागणी झाली. अंबरनाथचा कारखाना नागपूरच्या यंत्र इंडियाकडे गेला. खडकी आणि वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. आता पितळी कप एका कंपनीचा आहे आणि काडतूस दुसऱ्या कंपनीचं. पूर्वी खात्यातल्या खात्यात निघणारी तक्रार आता दोन कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या कागदात येईल, आणि कपाच्या भिंतीची जाडी किती फरकापर्यंत चालेल, हे त्या कागदात कोण आणि किती कडकपणे लिहितं, त्यावर ३०० आणि ६०० हे दोन्ही आकडे अवलंबून राहणार आहेत.